चौदावा दगड

“चला, उतरा खाली. हिवरापूर आलं,” चंपतबाबा मेश्राम म्हणाले आणि हातातली काठी त्यांनी सायकलच्या दुकानासमोरच्या ओट्यावर आपटली.

माझी सातवीची अठरा मुलं एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. समोर पंक्चर पाहायचं पाण्याचं घमेलं होतं, जुन्या टायरांचा ढीग होता आणि हातात पाना धरून दुकानदार आमच्याकडे टकमक बघत होता.

“बाबा, कुठं हाये स्टेशन?” प्रफुल्लनं विचारलं.

“तू त्याच्यावरच उभा हायेस, लेका. हा ओटा नाई, पलाटफारम हाये. खाली वाकून पाह्य. कसा घडवलेला दगड हाये! असा दगड या सायकलवाल्याच्या बापानं आनला होता का?”

“बापावर कायले जाता, बाबा?” दुकानदार हसत म्हणाला. “आमी आलो तवा होताच तो इथं.”

“तेच तर सांगून राह्यलो पोट्ट्यायले!”

मुलं गुडघ्यांवर बसली आणि दगडांवरून हात फिरवू लागली. सुकेशनी तेवढी बसली नाही. तिनं दप्तरातून दोरी काढली. दर दहा फुटांवर गाठ मारलेली ती दोरी आम्ही वर्गातच केली होती. एक टोक तिनं प्रफुल्लच्या हातात दिलं आणि ओट्याची लांबी मोजायला निघाली. सुकेशनी ही चंपतबाबांची नात. बारा वर्षांची, हडकुळी, दोन वेण्या वर बांधलेली. पंचवीस वर्षं रेल्वेत सांधेवाल्याचं, रूळ बदलून द्यायचं, काम केलेला आपला आजोबा साऱ्या वर्गापुढे बोलतोय, याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता; पण आनंद झाला की ती बोलायची नाही, मोजायला लागायची.

ही गोष्ट त्र्याण्णव सालच्या जानेवारीतली. आमच्या हिवरापूरला एके काळी छोटी लाईन होती. कापूस न्यायला घातलेली. गावातच तिचे तीन थांबे होते आणि सरकी काढायच्या जिनांच्या मागे मोठा मालधक्का होता. अडुसष्ट साली गाडी बंद झाली, पुढच्या दोन वर्षांत रूळ उचलून नेले आणि शहर त्या जागेवरून असं पसरत गेलं की माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला इथं कधी इंजिन आलं होतं हे ठाऊक नव्हतं. एकदा भूगोलाच्या तासाला सुकेशनीनं विचारलं, “गुर्जी, स्टेशन रोडवर स्टेशन कुठं हाये?” वर्ग हसला. मी हसलो नाही. असा प्रश्न मास्तरच्या वाट्याला दहा वर्षांतून एकदा येतो. मी म्हणालो, “आपण शोधू या.”

जिल्ह्याच्या शालेय प्रदर्शनाला दोन महिने होते. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही निघायचो. पुढे चंपतबाबा, मागे मुलं, सगळ्यांत शेवटी मी. बाबांच्या पायांत जुन्या टायरच्या चपला आणि डोक्यावर रंग उडालेली टोपी असायची. गेल्या पंचवीस वर्षांत त्यांना या गाडीविषयी कुणी एक अक्षर विचारलं नव्हतं, त्यामुळे बोलायला लागले की थांबत नसत. इंजिनात पाणी भरायच्या नळाचा चौथरा त्यांनी दाखवला. त्यावर आता पानठेला होता. कॅम्प भागातला थांबा मंगल कार्यालयाच्या भटारखान्यात निघाला. तिथला आचारी झारा हातात घेऊन बाहेर आला नि म्हणाला, “तिकीट काढलं का सगळ्यायनं?” त्यानं प्रत्येकाच्या हातावर गरम बुंदी ठेवली, आणि त्या दिवशीच्या सुकेशनीच्या वहीच्या पानावर तुपाचा डाग पडला.

मी मुलांना एकच शिकवत होतो. ‘अंदाजे’ हा शब्द नकाशात चालत नाही. कुणी सांगितलं म्हणून लिहायचं नाही. जाऊन पाहायचं, मोजायचं, मग लिहायचं. आणि एका जागेवरून मोजून भागत नाही. दोन पक्क्या जागा धरायच्या, दोन्हीकडून दोऱ्या ताणायच्या. त्या जिथं मिळतील तिथंच आपली खूण. मग ती खूण उद्या कुणी उचलून नेली तरी आपल्याला तीच जागा पुन्हा सापडते. हे मी फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा बाकीच्यांनी उतरवून घेतलं. सुकेशनीनं दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात एक खडा पुरला, प्रफुल्लला शोधायला लावला, आणि तो हरल्यावर दोन दोऱ्यांनी स्वतः काढून दाखवला.

तिसऱ्या शनिवारी बाबांनी हद्दीचे दगड दाखवले. लाईनच्या कंपनीनं आपली जमीन कुठे संपते ते कळावं म्हणून दर शंभर फुटांवर दगड पुरले होते. गुडघ्याएवढे, चौकोनी, माथ्यावर आकडा कोरलेले. एक गटाराच्या कडेला निघाला, एकाला कुणी म्हैस बांधली होती, एकाला शेंदूर फासून देव केलं होतं. तिथं आम्ही जोडे काढून आकडा पाहिला. एक, दोन, तीन असे करत मुलं ओरडत पुढे पळायची. मी शाळेतून पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा आणला होता. सापडलेल्या प्रत्येक दगडाला आम्ही रंग दिला. पावसात जाऊ नये म्हणून दोन हात दिले. शेंदराच्या दगडाला मात्र हात लावला नाही.

तेराव्या दगडापाशी बाबा थांबले.

“झालं, गुर्जी. एवढेच.”

समोर मालधक्का वस्ती होती. लाईन चालू असताना जे हमाल, खलाशी तिथं राहत होते, ते लाईन गेल्यावरही तिथंच राहिले. मातीच्या भिंती, वर टिना, दारात तुळशीऐवजी डब्यात लावलेला गोडनिंब. चाळीसेक घरं दोन ओळींत. पहिल्या ओळीत एकोणीस, मागे बाकीची. बाबांचं घर पहिल्या ओळीत.

“पण बाबा, मालधक्का तर पुढे आहे,” मी म्हणालो. “हद्द इथंच कशी संपेल? चौदावा असणारच.”

“नव्हताच चौदावा.”

“नव्हता कसा? तेरावर कुणी थांबतं का?”

“कंपनीचे सायेब होते. थांबले असतील,” बाबा म्हणाले आणि त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. “चला, चहा घ्या. पोट्टे दमले.”

त्यांच्या सुनेनं, विमलनं, अंगणात बोऱ्या अंथरल्या. भल्यामोठ्या गंजात चहा केला आणि अठरा मुलांना तो सहा कपांत पाळीपाळीनं पाजला. मी आत उंबऱ्यापाशी बसलो होतो. डाव्या हाताला पाण्याचा रांजण होता, त्याखाली दगडाची बैठक.

“गुर्जी, एक विचारू का?” विमल म्हणाली. “तुमी शिकलेले हा. नगरपालिकेचे लोक येऊन गेले परवा. म्हनत होते, जुन्या लाईनवरून मोठा रस्ता काढाचा हाये. आता आमची ही पयली ओळ लाईनीच्या जागेत हाये का बाहीर, हेच त्यायले समजून नाई राह्यलं. दफ्तरातला नकाशा उदईनं खाल्ला म्हनतात.”

“मग?”

“मंग ठराव झाला म्हने. हद्द सापडली नाई, तर ज्याचं घर त्याच्या नावानं करून देनार. पट्टा देनार. सापडली आनि आमी आत निघालो, तर उठावं लागन.” तिनं माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला. “नाईच सापडत ना ती? इतक्या वर्सानं?”

“कठीण आहे,” मी म्हणालो.

मी खोटं बोललो नाही. त्या क्षणी मला ते खरोखरच कठीण वाटलं. तिचं बोलणं मी ऐकलं, मान डोलावली, वाईट वाटलं आणि पुढच्याच क्षणी माझं मन पुन्हा दगडांकडे वळलं. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. वर्गात कोणत्या मुलाला काय कळलं नाही हे मला त्याच्या भुवयांवरून समजायचं. त्या बाईच्या चेहऱ्याकडे मी तसं पाहिलं नाही, एवढंच.

निघताना बाबांनी आमचा कच्चा नकाशा मागितला. डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

“समदं हाये,” ते म्हणाले. “नळ हाये, पलाटफारम हाये. आमची घरं नाई दिसत.”

“बाबा, घरं आत्ताची आहेत. हा नकाशा जे राहिलं नाही त्याचा.”

“हो का,” बाबा म्हणाले आणि कागद परत दिला.

सोमवारी प्रार्थनेच्या आधीच सुकेशनी माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. धावत आली होती. वेणीची एक रिबीन सुटली होती.

“सापडला, गुर्जी.”

“काय सापडलं?”

“चौदावा. आमच्याच घरात हाये! रांजणाखाली. काल रांजण घासाले काढला मायनं, तं मी दगड धुतला. हाताले आकडा लागला. मंग मी दोन्हीकडून मोजून पाह्यलं. तेराव्यापासून शंभर फूट बरोब्बर. आनि मालधक्क्याच्या कोपऱ्यापासून एकशे बेचाळीस.” तिनं वही उघडून दाखवली. दोन रेघा, दोन आकडे आणि जिथं त्या मिळत होत्या तिथं एक नीट गोल. “आजा म्हनते, तो आकडा नाई, टाकीचा घाव हाये. पन एकावर चार हाये, गुर्जी. मी बोट फिरवून पाह्यलं.”

मी त्याच संध्याकाळी गेलो. विमलनं रांजण सरकवला. मी वाकून पाहिलं. एकावर चार. स्पष्ट.

“वा!” मी म्हणालो. “बाबा, तुम्ही रोज याच्यावरचं पाणी पिता, आणि म्हणता चौदावा नव्हताच?”

बाबा खाटेवर बसले होते. “म्हातारपन आलं, गुर्जी. काई काई ध्यानात राहत नाई.”

“तुमच्या नातीला राहतं बरं का!” मी सुकेशनीच्या डोक्यावर हात ठेवला. “अख्ख्या वर्गाला जे जमलं नाही ते हिनं एकटीनं केलं. आणि नुसता सापडला म्हणून थांबली नाही, दोन्हीकडून मोजला.”

ती लाजून आईच्या मागे गेली. बाबा काहीतरी बोलायला लागले, मग खोकले.

“हा नकाशात टाकाच लागते का, गुर्जी?”

“म्हणजे काय? चौदाव्याशिवाय नकाशा पुरा कसा होईल?”

मी ते हसत म्हणालो. मुलांना समजावताना म्हणतो तसं, मायेनं. आज तेच आठवलं की मला बसल्या जागी पाय पोटाशी घ्यावेसे वाटतात.

नकाशा सुंदर झाला. चार फूट लांब ड्रॉइंग पेपरवर सुकेशनीनं तो शाईनं काढला. प्रदर्शनात त्याला पहिला क्रमांक मिळाला, ढाल मिळाली, आणि नगराध्यक्षांनी तो आपल्या कचेरीत लावण्यासाठी मागून घेतला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, “पाहा, आता साहेब लोकसुद्धा तुमच्याकडून शिकतील.”

मार्चच्या शेवटी शाळेत चिठ्ठी आली. मालधक्का वस्तीत मोजणी आहे, गुरुजींनी कृपया हजर राहावं.

मोजणीला आलेले देशकर म्हणून गृहस्थ होते. पन्नाशीचे, गळ्यात रुमाल, बोलणं मृदू. सगळी पहिली ओळ अंगणात जमली होती. पुरुष कामावर न जाता थांबले होते. देशकरांच्या हातात आमचा नकाशा गुंडाळलेला होता.

“नमस्कार, गुरुजी. फार मेहनतीचं काम आहे हो तुमचं,” ते म्हणाले. “आमच्या खात्यातल्या माणसांनी असं काम केलं असतं तर मला आज यावंच लागलं नसतं. तेरा दगड तर बाहेर दिसतातच, रंगवलेले. पण तेराव्यानंतर हद्द मालधक्क्यासाठी बाहेर फाकते. ती किती फाकते, हे चौदाव्यावर आहे. आणि तो तुमच्या नकाशात या घरात दाखवलाय.”

आम्ही आत गेलो. रांजण जागेवरच होता. त्याखाली विटा होत्या.

देशकरांनी विटांकडे पाहिलं, मग चंपतबाबांकडे. “इथं दगड होता?”

“कोनता दगड?” बाबा म्हणाले. “इटा हायेत नं, सायेब. पयल्यापासून इटाच.”

आजूबाजूच्या बायकांनी माना हलवल्या. दगड कुठं गेला ते मला नंतर कळलं. बाबांनी आणि दोन शेजाऱ्यांनी तो उकरून जुन्या जिनाच्या विहिरीत टाकला होता. सत्तरीच्या माणसानं.

“मग हा नकाशात कसा आला?” देशकरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. उलट, काम लवकर आटपेल असं दिसल्यावर माणूस जसा मोकळा होतो, तसे ते झाले होते. “नकाशा काढला कुणी?”

“मी काढला.” सुकेशनी पुढे आली.

“तू? एवढीशी? शाबास. मग बाळ, दगड पाहिला होतास का तू?”

तिनं रांजणाखालच्या विटांकडे पाहिलं. मग तिनं मान हलवली.

“नाई, सायेब. मी चुकली. दगड नव्हताच. तेरा होते म्हनून चौदावा असंन असं वाटलं, तं मी अंदाजानं टाकला.”

 देशकरांनी पेनचं टोपण काढलं.

“होतं असं. लहान मूल आहे,” ते म्हणाले. “तर मग मी लिहितो, चौदाव्या दगडाचा पुरावा जागेवर मिळाला नाही, हद्द निश्चित करता येत नाही. गुरुजी, बरोबर ना? असंच लिहू ना मी?”

सगळे माझ्याकडे पाहत होते. विमल पाहत होती. चंपतबाबा पाहत होते. पण मी त्यांच्यापैकी कुणाकडेच पाहत नव्हतो. मी सुकेशनीकडे पाहत होतो. माझ्या कानात एकच शब्द घुमत होता, ‘अंदाजानं’. या मुलीनं आयुष्यात एक रेघ अंदाजानं काढली नव्हती. ती चार माणसांत खाली मान घालून उभी होती आणि म्हणत होती, मी चुकले. वीस वर्षांत हे वाक्य मी कितीतरी मुलांच्या तोंडून ऐकलं होतं. चूक नसताना तसं म्हणणारी मुलंही पाहिली होती, भिऊन, दबून. अशा वेळी मी नेहमी एकच करत आलो होतो.

“नाही,” मी म्हणालो. “ही चुकलेली नाही.”

“गुर्जी,” सुकेशनी म्हणाली.

“घाबरू नकोस. तू बरोबर आहेस, तर बरोबर आहे म्हणायचं. वही कुठं आहे तुझी?”

ती जागची हलली नाही. वही माझ्याच पिशवीत होती. प्रदर्शनानंतर माझ्याकडेच राहिली होती. मी ती काढली, पान उघडलं आणि देशकरांना समजावून सांगू लागलो. दोन पक्क्या जागा. तेरावा दगड आणि मालधक्क्याचा कोपरा. इथून शंभर, तिथून एकशे बेचाळीस. दोन दोऱ्या जिथं मिळतात ती जागा एकच असते, साहेब, दगड असो वा नसो. मी नेहमीसारखा हळूहळू, थांबत थांबत बोलत होतो. मध्ये एकदा “कळलं ना?” असंही विचारलं. कुणी तरी बाहेर हुंदका दिला, तो मी ऐकला आणि तरी वाक्य पुरं केलं.

देशकरांनी पेन कागदावरून उचलला. मग म्हणाले, “गुरुजी, मी तर लिहीतच होतो.”

“पण ते चूक झालं असतं,” मी म्हणालो.

त्यांनी माणसांना फीत धरायला सांगितलं. एक तेराव्या दगडापाशी गेला, एक मालधक्क्याच्या कोपऱ्यापाशी. दोन्ही फिती दारातून आत आल्या आणि विटांच्या बरोबर मध्यावर मिळाल्या. रांजण हलवला, विटा काढल्या. खाली नवी भरलेली माती होती. बोट घालताच आत गेलं.

देशकरांनी बाहेर येऊन कागद गुडघ्यावर धरून लिहिलं. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. त्यापेक्षा दिली असती तर बरं झालं असतं. विमल आत गेली आणि उलटा केलेला रांजण सरळ करून, विटा नसताच, जमिनीवर ठेवू लागली. तो टेकेना. सुकेशनीनं जाऊन दुसऱ्या बाजूनं धरला.

तेव्हा कुठं मला ते सगळं दिसलं. रस्ता, ठराव, एकोणीस घरं. चहा ओतताना विमलनं विचारलं होतं ते. बाबा खोकले होते ते. सगळं मला आधीपासून माहीत होतं. मी ते कधी एकत्र ठेवून पाहिलं नव्हतं.

“बाबा,” मी म्हणालो.

चंपतबाबांनी टोपी घातली. “तुमचं काय चुकलं, गुर्जी? पोरीचं मोजमाप बरोबर होतं.” त्यांना ते टोचून म्हणायचं नव्हतं. तो माणूस टोचून बोलतच नसे. “पलाटफारमची लांबी पन बरोब्बर निंघाली होती तिची. एक फूट कमी नाई, जास्त नाई.”

मी नगरपालिकेत खेपा घातल्या. अर्ज लिहिले, नगराध्यक्षांना भेटलो. नकाशा मुलांचा आहे, तो पुरावा धरू नका, असंही म्हणालो. ते हसले. “गुरुजी, तुम्हीच तर मोजून दाखवलंत,” म्हणाले. मे महिन्यात पहिली ओळ पाडली. मागच्या ओळीला पट्टे मिळाले. एकोणीस कुटुंबांना शहराबाहेर चार मैलांवर, खाणीपलीकडे जागा दिली. तिथं शाळा चौथीपर्यंत होती.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी सुकेशनी दाखला न्यायला आली. एकटीच. पायी आली असावी; चपलांवर खाणीची पांढरी धूळ होती. मुख्याध्यापकांनी दाखल्याचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं, कारण सातवी माझी होती.

मी नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. 

“आजोबा कसे आहेत?”

“निजून राहतात.”

“आठवीला कुठं जाणार?”

“मामाच्या गावी. पाह्यलं नाई अजून.”

वर्तणुकीच्या रकान्यात मी ‘अत्यंत चांगली’ असं लिहिलं. मग पेन बाजूला ठेवला.

“सुकेशनी, तुझं माप बरोबर होतं. तुला ते ठाऊक होतं. मग त्या दिवशी तू चुकले असं का म्हणालीस?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. फळ्यावरचं गणित एखाद्या मास्तरकडून सुटत नसेल, तर हुशार मुलं ज्या अवघडलेपणानं पाहतात, तसं.

“तुमाले समजन असं वाटलं मले,” ती म्हणाली.

बाहेर घंटा झाली. पोरं धावत वर्गांत गेली. आठवीच्या वर्गातून प्रफुल्लचा आवाज येत होता, कुणाशी तरी बाकावरून भांडत होता.

दाखल्यात एक रकाना उरला होता. शाळा सोडण्याचं कारण.

“इथं काय लिहू?” मी विचारलं.

“जे खरं असंन ते लिहा, गुर्जी.”

मी पेन उचलला. बऱ्याच वेळानं लिहिलं, ‘पालकांचे स्थलांतर’.

तिनं ते उलट्या बाजूनंच वाचलं.  मी सही करून कागद पुढे केला तेव्हा तिनं शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली, दोन घड्या केल्या आणि गेली.